निसवलेलं झाड

कागदावर एक्केचाळीस.
मी मोजली, तर एकशे त्रेसष्ट निघाली.

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्याला लागून
आमची केळी पाठवणारी कंपनी,
आणि तिच्या पाठीमागे सर्व्हरची खोली.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत अठरा,
दारावर कुणीतरी चिकटवलेलं: चपला बाहेर काढा.
देवघरच म्हणा.
फक्त देव किती, हे पुजाऱ्यालाच ठाऊक नाही.

पाच लोखंडी पेट्या. त्यांच्या पोटात
ही सगळी मशिनं, ज्यांना अंग नाही, धूळ नाही,
पण भूक आहे.
मेमरी खातात, डिस्क खातात,
परवान्याचे पैसे खातात,
आणि महिनाअखेरीला बॅकअप
अर्ध्या वाटेत धापा टाकत बसतो.

नावं वाचत गेले.
टेस्ट. टेस्ट दोन. टेस्ट दोन नवीन.
फायनल. फायनल खरं.
डिलीट करू नये झांबरे.
झांबरे नाशिकला जाऊन सात वर्षं झाली,
निरोपाला आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.
सगळी दोन दिवसांपुरती मागितलेली.
बटण दाबलं की जन्म,
बारशाला खर्च नाही,
म्हणून बारसं धड कुणी केलंच नाही.

टेबलाटेबलाशी गेले. हे कुणाचं?
अकाउंट्स म्हणालं, खरेदीचं.
खरेदी म्हणाली, आधीच्या व्हेंडरचं.
पारोळ्याचा दिगंबर चहा ढवळत म्हणाला,
'माले काय म्हाईत, ताई.'
स्टोअरमध्ये पोत्यांमागे
एक खराखुरा कॉम्प्युटरही सापडला. चालू.
पंख्यात बारदानाचे धागे.
कशासाठी चालू आहे,
त्यालाही सांगता आलं नसतं.

मग ठरवलं, मारायचं नाही, झोपवायचं.
पंधरा दिवस. ज्याचं असेल तो ओरडेल.
रोज संध्याकाळी दहा.
पहिल्या दिवशी हात थरथरला,
तिसऱ्या दिवशी मजा यायला लागली,
कबूल करते.
कुणी ओरडलं नाही.
खोलीची घरघर उतरत गेली,
ताप उतरावा तशी.

अकराव्या दिवशी पहाटे पावणेचारला
सावद्याच्या कोल्ड स्टोरेजवरून फोन.
रुबाब तडवी, रात्रपाळी.
'मॅडम, आकडे गेले.'
कसले आकडे?
'तीन नंबरच्या खोलीचे. साडेतेरा दाखवतो ना स्क्रीन,
रात्री आठपासून काळा पडलाय.
मी बॅटरी घेऊन आत जातोय,
दर अर्ध्या तासाला काटा बघून येतोय.'

यादी उघडली. टेस्ट दोन नवीन.
सहा वर्षं तेच एक
केळीच्या थंडीवर डोळा ठेवून होतं,
उसन्या नावानं, मुकाट.

चालू केलं. आकडे आले.
रुबाबभाई थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,
'पिलं कापता कापता
निसवलेलं झाड कापलं ना तुम्ही.'
रागावून नाही.
बागेत पहिल्यांदा विळा धरलेल्या पोराला सांगावं,
तसं.

तेव्हापासून नवीन मशीन हवं तर आधी लिहून द्यायचं:
नाव काय, कुणाचं, कधी संपणार.
दिगंबर म्हणतो, ही तर पत्रिकाच झाली.
असू दे.
सत्तावन्न उरलीत.
टेस्ट दोन नवीनचं नाव आता सावदा तीन,
मालक रुबाब तडवी.
साहेब म्हणाले, रात्रपाळीचा माणूस मालक कसा?
म्हटलं, ओरडला तो एकटाच.

आणि काल, यादीत शेवटून तिसरं:
हेमांगी तात्पुरतं.
माझंच. साडेचार वर्षांचं.
आत काय ठेवलं होतं, आठवत नाही.
झोपवलंय.
रोज सकाळी चपला काढून आत जाते,
आणि जरा वेळ उभी राहते,
माझ्यातलं कुणी ओरडतंय का, ऐकत.